चांगूबायचं आवतन

दामूशेठला कोणी बुडवला, असं पनवेलच्या बाजारात आज विचारलंत तर दहा तोंडं दहा गोष्टी सांगतील. कोणी म्हणेल पक्षाने, कोणी म्हणेल भागीदारांनी, कोणी म्हणेल साडेसाती होती बिचाऱ्याला. बिचारा म्हणे! सगळं झूट आहे. दामूशेठला एका मासळीवाल्या बाईने बुडवला, भरमांडवात गाणं म्हणून बुडवला, आणि तो बुडत होता तेव्हा कॅमेरा माझ्या हातात होता. मला त्याचा आनंद झाला. खोटं कशाला बोलू? अजूनही होतो.

ती बाई म्हणजे चांगूबाय. गेल्या पावसाळ्यात ती गेली. तिच्या फोटोला हार घालून, हात जोडून, 'थोर होती हो' असं म्हणणारे पुष्कळ आता उगवलेत. ती असती तर एकेकाच्या तोंडाला शेण फासलं असतं तिने. म्हणून म्हटलं, आपणच लिहावं.

माझा पनवेलात फोटो स्टुडिओ आहे. पासपोर्ट फोटोंवर पोट भरत नाही, लग्नांवर भरतं. आणि आमच्या या भागात आगऱ्या-कोळ्यांचं लग्न म्हटलं की भटजी नंतर, आधी धवलारीण. ही लग्नात धवले, म्हणजे विधीची गाणी, गाणारी बाई. मांडव पडला की ती गाण्यातूनच देवांना आवतन देते, पितरांना देते, मग पाहुण्यांना. ती एक ओळ गाते, भोवती बसलेल्या बाया ती ओळ झेलतात आणि तशीच्या तशी परत म्हणतात. ती गायल्याशिवाय नवऱ्याला हळद लागत नाही. चांगूबाय सकाळी बाजारात मासळी विकायची आणि लग्नसराईत धवले गायची. ठेंगणी, काळी, कासोटा घातलेलं लुगडं, तोंडात कायम मिश्री. मला तिने कधी नावाने हाक मारली नाही. 'फोटूवाला' म्हणायची. रागावली की 'फोटूवाल्या'.

मासळी विकताना ती भाव सांगायची आणि दुसरीकडे बघत बसायची. घासाघीस केलीत तर परत तुमच्याकडे बघायचीच नाही. तुम्ही तिथे उभे आहात हेच ती विसरून जायची. आमच्या सौ. एकदा म्हणाल्या, "मावशी, सुरमई ताजी आहे ना?" चांगूबायने सुरमईकडे बघितलं, सौं.कडे बघितलं आणि म्हणाली, "तुज्यापेक्षा ताजी हाय गो." सौ. पुढे महिनाभर तिच्याकडे गेल्या नाहीत आणि मग मुकाट्याने परत गेल्या, कारण तिच्यासारखी मासळी दुसरीकडे मिळेना.

धवल्याला बसली की ती बाई वेगळीच. एका लग्नात डीजेवाला ऐकेना. कोणी पुढारी यायचे होते म्हणून त्याने आवाज चढवलेला. चांगूबाय उठली, चालत गेली आणि त्याच्या वायरींच्या बोर्डावर पाट ठेवून त्यावर मांडी घालून बसली. पोरगा गयावया करायला लागला, "आजी, शॉक लागेल." ती म्हणाली, "मना नाय लागत. तू हात लाव, तुना लागंल." डीजे बंद. पुढारी आले ते मांडवाच्या दारात हार हातात धरून उभे, कारण आत देवांचं आवतन चाललेलं. त्यांच्या माणसाने हळूच सांगून पाहिलं. "बोलवलेले आधी बसतात," म्हणाली, "आनि यो बोलवलेला नाय, आलेला हाय."

धवल्यात एक भाग असतो, त्याला ती घरची करनी म्हणायची. या घराने कोणाला काय दिलं, कोणी या घरासाठी काय केलं, ते सगळं त्यात गुंफायचं. आज्याने विहीर बांधली, मामाने विटा दिल्या, आतेने पोराला सांभाळलं. हे पाठ केलेलं नसतं, धवलारीण त्या घराचं बघून जोडत जाते. एका लग्नात नवरीचा मामा पक्का चिक्कू होता. हात हलवत आला आणि पुढच्या खुर्चीत बसला. चांगूबायने करनीत गायलं, मामानं भाचीला गो फ्रीज दिला. बायांनी ओळ झेलली. फ्रीज दिला गो, फ्रीज दिला. मामाचं तोंड बघण्यासारखं झालं. आता नाही म्हणणार कसा? धवल्यात आलं ते आलं. संध्याकाळी टेम्पोतून फ्रीज! मी त्या फ्रीजचा फोटोही काढला, मामा शेजारी उभा, जसा काही प्रेताला खांदा द्यायला आलाय.

"मावशी, खोटं गायलीस की," मी म्हटलं.

"खोटं कुठं? संध्याकाली खरं झालं ना?"

आता दामूशेठ. हा तिच्याच गावचा, खाडीकाठचा. याचा बाप आणि तिचा बाप एकाच मिठागरावर मीठ ओढायचे. जमिनींना भाव आला तेव्हा गावातल्या लोकांनी गाड्या घेतल्या, हळदीला ऑर्केस्ट्रा आणले आणि संपले. दामूने तसं केलं नाही. दामूने साहेब लोक धरले. कुठला रस्ता कुठून जाणार, कुठल्या प्लॉटवरचं आरक्षण उठणार, हे त्याला आधी कळायचं आणि आपल्याला पेपरात. मग बर्फाचा कारखाना काढला. आसपासचे दोन छोटे बर्फवाले होते, त्यांच्यावर तपासण्या लागल्या, ते बंद पडले, आणि लगोलग याचा बर्फ महागला. याला लोक म्हणतात धंद्याचं डोकं. मी याला वेगळं नाव देतो, पण ते छापता येत नाही. सगळं पनवेल त्याला शेठ म्हणायचं. चांगूबाय एकटी म्हणायची, दामू. तोही तिला गावच्या नात्याने आतेच म्हणायचा.

आणि तिच्याकडून जिताडे न्यायचा. बाहेरच्यांना सांगायला हवं, जिताडा हा आमच्या खाडीतला मासा, चवीला राजा. पण खरं म्हणजे तो मासा नाहीच, ते कागदपत्र आहे. अर्जाला जसा स्टॅम्प लागतो तसा साहेबाला जिताडा लागतो. लाच म्हटली की पकडतात. मासा म्हटला की सगळे म्हणतात, अहो प्रेमाने आणलाय. एका वर्षी दामूचा ड्रायव्हर सारखा यायचा आणि खाडीतला सगळ्यात मोठा जिताडा उचलायचा. घासाघीस नाही. बाया खूश! कोण आधी देते यावरून भांडायच्या. ड्रायव्हर मोकळा गडी, सगळं सांगायचा. हा मोठ्या साहेबांकडे, मॅडमना तुकड्या पातळ लागतात. हा नकाशावाल्या साहेबांकडे, डोकं नको. हा पुढाऱ्यांकडे, अख्खा. त्याप्रमाणे चांगूबाय आणि बाकीच्या बाया खवले काढून, तुकड्या करून, बर्फात घालून द्यायच्या. मोठ्या साहेबांच्या पोरीचा वाढदिवस आहे म्हणून चांगूबायने एकदा वर गाबोळीही, म्हणजे माशाची अंडी, फुकट घातली.

पावसाळा सरला आणि बाजाराच्या भिंतीवर नोटीस लागली. मासळी बाजाराच्या जागेचं आरक्षण बदललेलं. तिथे आता व्यापारी संकुल उठणार. मासळीसाठी आत गाळे, पण ज्याच्याकडे शीतपेटी आणि तसा परवाना असेल त्यालाच. बाकीच्या बायांनी रोडपालीकडे, रस्त्याच्या कडेला बसायचं. स्वच्छतेचं धोरण आहे म्हणे! ज्या कचेरीतून हे निघालं तिच्या जिन्यात नाक धरून चढावं लागतं.

बाया कचेरीत गेल्या. मी फोटोसाठी बरोबर होतो. तिथल्या माणसाने सांगितलं, हरकतींची मुदत संपली, आणि तुमच्या संघटनेने तर संमतीच दिलीय. कसली संघटना? तालुका मासळी विक्रेता संघटना. अध्यक्ष दामूशेठचा मेहुणा, ज्याला बोंबील कुठला आणि मांदेली कुठली ते कळत नाही. आणि संकुल बांधणार खुद्द दामूशेठ. कुंपणच शेत खातं, दुसरं काय! बाया ओरडायला लागल्या. चांगूबाय मोठ्या साहेबांच्या दारावरची पाटी बघत होती, मग नकाशावाल्याची. तिला वाचता येत नव्हतं. मला विचारलं, यो कोन, तो कोन. मी सांगितलं. ती खाली येऊन पायरीवर बसली आणि दोन्ही हातांचे तळवे बघत राहिली.

"आमीच खवलं काढली रं," म्हणाली. "आमच्याच हातानं साफ करून दिला. वर गाबोली घातली मी. फुकट."

मी काहीतरी समजूत घालायला गेलो. तिने हात वर केला. "रडत नाय मी. दामूला मी सोडनार नाय. तू बघ."

ओटे तुटले. ज्या ओट्यावर तिची आई बसली, सासू बसली, ते जेसीबीने उचलले. बाया रोडपालीला रस्त्याला बसल्या. तिथे गिऱ्हाईक नाही, सावली नाही, आणि अतिक्रमणवाल्यांची गाडी. पाट्या उचलून गटारात मासळी. एका सकाळी चांगूबायचीच पाटी उलटी केली. ताजी कोळंबी चिखलात, आणि ती बाई ओणवी होऊन एकेक वेचत होती. मी ते शूट केलं. चार वर्तमानपत्रांना पाठवलं. एकानेही छापलं नाही. पहिल्या पानावर दामूशेठच्या संकुलाची जाहिरात होती ना! त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की एखाद्या माणसाचं वाटोळं व्हावं अशी प्रार्थना करायलाही हरकत नसावी.

मग दामूच्या पोराचं लग्न ठरलं. पळस्प्याच्या पुढे मोठं मैदान, मांडव असा की आत विमान उतरेल. पडदे, ड्रोन, सगळं. मोठी ऑर्डर, माझ्याकडेच आली. दामूची आई, गोमीबाय, अजून होती. वाकलेली, पण जिभेने ताठ. ती म्हणाली, धवलारीण पायजे, नायतर मी हलद उचलनार नाय. दामू म्हणाला, हात्तीच्या, एवढंच ना, दहा आणतो.

दहा कुठून आणणार? धवले गाणाऱ्या म्हाताऱ्या आता राहिल्यात मोजक्या. आणि चांगूबाय आधीच रिक्षा करून गावोगाव फिरून आली होती. कोणाच्या पाया पडली, कोणाला दम दिला, कोणाला नुसती चिखलातली कोळंबी सांगितली. दामूचे लोक एकीकडे गेले, म्हातारी म्हणाली, घसा बसलाय. दुसरीकडे गेले, घसा बसलाय. तिसरीने तर तोंडच उघडलं नाही, नुसतं गळ्याकडे बोट दाखवलं. अख्ख्या तालुक्यातल्या धवलारणींचा एकाच आठवड्यात घसा बसला! पैसा वाढवला, सोन्याची माळ कबूल केली. घसे काही उठेनात. ज्याने बर्फवाले संपवून बर्फ आपल्या मुठीत घेतला होता, त्याला मूठ म्हणजे काय ते कळलं. शेवटी टीव्हीवर गाणारी एक मुलगी आणली. गोमीबायने तिच्यापुढचं हळदीचं ताट पायाने सरकवलं आणि भिंतीकडे तोंड करून बसली.

नाक दाबलं की तोंड उघडतं. दामूशेठ स्वतः रोडपालीला आला. पांढरे कपडे, मागे दोन गाड्या. चांगूबाय कोळंबी सोलत होती. मी नेमका तिथेच मासळी घेत होतो, म्हणजे नेमका वगैरे काही नाही, मला तिनेच निरोप धाडला होता.

"आते, झालं ते झालं. चल ना गो," दामू म्हणाला.

"आमचा बाजार दे."

"आते, ते माज्या हातात हाय का? सरकारचं धोरण हाय ते."

"मंग धवला पन माज्या हातात नाय. देवाचं धोरण हाय."

दामू खाली बसला. चिखलात पांढरी विजार टेकली. म्हणाला, आयस जेवत नाय. नवऱ्या पोराला अपशकुन होईल. नव्या इमारतीत तुला गाळा देतो. एक तुला, फक्त तुला, कोणाला बोलू नको. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. तिने कोळंबी खाली ठेवली, हात पुसले.

"गाळा नको मना. येतंय मी. पन धवला पुरा गाईन. आवतन, करनी, आशीर्वाद, सगला. मधेच कोनी थांबवायचा नाय. तुज्या आयसची शपथ घे."

त्याला काय, त्याने घेतली. उलट गाळा वाचला म्हणून खूश झाला. घरी जाऊन आईलाही सांगितलं, आणि गोमीबायने सगळ्या सुनांना बजावलं की धवला मध्ये तोडला तर माझं मेलेलं तोंड बघाल.

हळदीच्या दिवशी संध्याकाळ व्हायची होती. मांडव खचाखच. पुढे सोफे, सोफ्यांवर मोठे साहेब, मॅडम, नकाशावाले साहेब, पुढारी. नवरा पाटावर. मोठ्या पडद्यावर माझा कॅमेरा दिसत होता. चांगूबाय आली. तिच्या मागून बाजारातल्या सगळ्या बाया आल्या आणि ओळ झेलायला तिच्याभोवती बसल्या. त्यांच्या मागे तालुक्यातल्या त्या सगळ्या म्हाताऱ्या. घसे बरे झालेले दिसले.

गावदेवीचं आवतन झालं. एकवीरेचं झालं. पितरांचं झालं, दामूच्या बापाचं नाव तिने इतकं मायेने घेतलं की गोमीबाय रडली. मग करनी सुरू झाली. या घराने कोणाला काय दिलं.

"पयला जिताडा गो मोठ्या साहेबाला,
तुकड्या पातल गो बायको मागते,
गाबोली वरून गो चांगून घातली,
बाजार आमचा गो कागदावर मेला."

बायांनी ओळ झेलली. पहिल्यांदा लोकांना कळलंच नाही, मान डोलावत होते. पण करनीत ज्याचं नाव येतं त्याच्याकडे कॅमेरा फिरवायचा, ही आमच्या धंद्यातली रीत आहे. मी फक्त माझं काम केलं. मोठे साहेब पडद्यावर, घराएवढे, हातात पिस्ते.

"दुसरा जिताडा गो नकाशावाल्याला,
डोका नको गो, डोका खात नाय,
नकाशा फिरला गो, ओटा सरला,
ओट्याचे जागी गो माडी दामूची."

आता हशा फुटला. मागून कोणीतरी शिट्टी मारली. नकाशावाले साहेब उठायला लागले आणि शेजारच्या म्हाताऱ्याने त्यांचा हात धरून खाली बसवलं, "बसा साएब, धवल्यात उठू नये." तिसरा जिताडा अख्खा, पुढाऱ्यांना. चौथं कडवं मेहुण्याच्या संघटनेवर. बर्फ आला, बर्फवाले आले, गटारातली कोळंबी आली. मांडवातल्या सगळ्या बाया, दामूच्या घरच्या सुना आणि पाहुण्यासुद्धा, सवयीने ओळ झेलत होत्या; तोंडातून निघून गेल्यावर जीभ चावत होत्या. शेकडो मोबाइल वर आले. दामू माझ्याकडे धावला, "बंद कर, बंद कर ते!" तेवढ्यात गोमीबायचा आवाज आला, सगळ्या आवाजांवर.

"दामू! बस खाली. गाते ती तुजीच करनी हाय ना? का खोटी हाय?"

तो बसला. काय करेल? मग चांगूबायने नवऱ्याचा आशीर्वाद गायला. तो मात्र पुरा, निर्मळ, पोराच्या सात पिढ्यांना पुरेल असा. पोराचा काय दोष, असं ती नंतर म्हणाली. स्वतःच्या हाताने त्याला हळद लावली आणि न जेवता निघाली.

व्हिडिओ कुठे कुठे गेला ते मला विचारू नका, मी पाठवला नाही. म्हणजे सगळ्यांना नाही. साहेबांच्या बदल्या झाल्या. पुढाऱ्यांनी दामूला ओळखच दाखवायचं सोडलं, निवडणुकीचं ठरलेलं तिकीट गेलं, भागीदार सुटे झाले. तो जिथे जाईल तिथे पोरं मागून हळू आवाजात गायची, डोका नको गो. एकदा मी त्याला बँकेच्या दारात उभं बघितलं, कोणी नमस्कार करतंय का ते शोधताना. मी सरळ त्याच्या डोळ्यांत बघितलं आणि नाही केला. आठवलं की अजून बरं वाटतं.

पेढे घेऊन मी चांगूबायकडे गेलो. अतिक्रमणवाल्यांची गाडी तिच्या वाटेला जायची बंद झाली होती. बाया रोडपालीहून परत येऊन जुन्या बाजाराच्या जागेला मारलेल्या पत्र्याच्या कुंपणाबाहेर, रस्त्यावर बसत होत्या. आत मात्र काम चालूच होतं. नकाशाचा फेरविचार करू म्हणाले होते, समिती नेमली होती, आणि दामूने आपला हिस्सा मुंबईच्या कोणा मोठ्या बिल्डरला विकून टाकला होता. चांगूबायने पेढा घेतला, खाल्ला.

"गोड लागला," म्हणाली. "पन दामू कोन रं? दामू वाढपी. जेवनारा येगलाच."

त्यानंतर ती थकली. बसायची रोज, पण पाटीत मासळी थोडी. मी तिला शेवटचं बघितलं ते त्या पत्र्यासमोरच. पत्रे काढून तिथे काचेचं ऑफिस थाटलं होतं, आत थंडगार, पुतळ्यासारख्या पोरी इमारतीचं चित्र दाखवत होत्या. बाहेर फुटपाथवर चांगूबाय. एक लांबलचक काळी गाडी थांबली, नवा मालक उतरला. त्याने तिच्याकडे बघितलंही नाही. तिने मात्र मान वळवून, तो आत जाऊन काचेमागे बसेपर्यंत, त्याला नीट न्याहाळला.

"याच्या घरी कोन कोन हाय रं, फोटूवाला?"

"मावशी, तो आपल्याकडचा नाही. त्याच्याकडे धवला लागत नाही. सोड आता."

"नसंल लागत," ती म्हणाली. "पन पैशानं मिलत नाय असं कायतरी त्याला पन लागत असंलच. ते काय, तवढं मना काढून दे."

ती गेली. मी अजून काढतोय.